चोराच्या मनातले चांदणे आणि कॅमेऱ्याचा डोळा

राखण ही गोष्ट माणसाला नवी नाही. पिकात मचाण बांधून गोफण फिरवणारा राखणदार, गावातला जागल्या, वाड्याचा दिंडीदरवाजा आणि ओसरीवरचा कुत्रा ही सारी तिचीच रूपे होत. आज त्यांच्या जोडीला भिंतीवरचा कॅमेरा येऊन बसला आहे. प्रथम तो बँकांत व शहरातल्या सोसायट्यांत दिसे. आता तालुक्याच्या गावी, मळ्यातल्या वस्तीवर, गोठ्याच्या वळचणीलाही दिसतो. घ्यायला गेले की दुकानदार खोक्यावरचे आकडे वाचून दाखवतो. इतके मेगापिक्सेल, इतके पट झूम, रात्रीही रंगीत चित्र! ऐकणाऱ्याची समजूत होते, की आकडा जितका मोठा तितकी राखण पक्की.

या समजुतीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घराबाहेरच्या अंधारात झूम कॅमेरा काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि तो निवडताना प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, एवढाच त्याचा आवाका. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने भिंगाच्या हिशेबात का पडावे, असे कोणी विचारील. खोक्यावरची भाषा इंग्रजी असते, आणि आमच्यासारख्या पुष्कळ घरांत ती वाचून सांगण्याचे काम कॉलेजची पायरी चढलेल्या पहिल्या मुलाकडे किंवा मुलीकडेच येते. पैसे मात्र वडीलधाऱ्यांच्या घामाचे असतात. तेव्हा वाचणाऱ्याने समजून वाचावे हे बरे.

एका परिचारिकेची गरज

दुरून चित्र पाहण्याची ही विद्या युद्धात वाढली. १९४२ साली जर्मनीत पेनेमुंडे येथे अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी तारेने जोडलेले दूरदर्शन कॅमेरे वापरले गेले. घराच्या राखणीसाठी तिचा विचार केला तो एका परिचारिकेने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या कृष्णवर्णीय बाईंच्या कामाच्या वेळा अवेळी असत. त्यांचे पती आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते; तेही अनेकदा रात्री घरी नसत. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि बोलावले तरी पोलीस वेळेवर येतीलच अशी खात्री नाही. दोघांनी मिळून एक योजना आखली. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार भोके, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्राचा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, आणि बसल्या जागी कडी उघडण्याची किंवा धोक्याची सूचना देण्याची कळ. या योजनेला २ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले.

यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. ब्राऊन बाईंचा प्रश्न अगदी नेमका होता : दारात उभा आहे तो कोण? म्हणून चार भोकांची उंचीसुद्धा माणसाचा चेहरा कोठे येईल यावरून ठरली. आपण मात्र बहुधा आधी कॅमेरा आणतो आणि मग त्याला काय दाखवायचे ते शोधतो.

दिसणे वेगळे, ओळखणे वेगळे

‘कॅमेऱ्यात दिसते’ या शब्दांत निदान चार निरनिराळे अर्थ दडलेले असतात. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६२६७६ या मानकाच्या २०१४ सालच्या आवृत्तीत त्यांची मापे दिलेली होती. चित्र हे पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. माणूस जेथे उभा आहे तेथील एक मीटर रुंदी चित्रात किती ठिपक्यांत बसते, त्यावर सारे अवलंबून. मीटरला २५ ठिपके पडले तर कोणीतरी आले एवढे कळते. सुमारे ६२ पडले तर त्याची हालचाल व पेहराव कळतो. १२५ पडले तर आपल्या ओळखीचा माणूस ओळखू येतो. आणि कधीही न पाहिलेल्या माणसाची ओळख नंतर निःसंशय पटवायची, तर २५० लागतात. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरला, तर या शेवटच्या पायरीवर त्याच्या वाट्याला फक्त ४० ठिपके येतात. पहिल्या पायरीवर येतात चार. चार ठिपक्यांत नाक-डोळे कसले दिसणार?

म्हणून पहिला प्रश्न असा, की आपल्याला यांपैकी कोणती पायरी हवी? जुन्नर-आंबेगाव भागात उसाला लागून असलेल्या घरी रात्री अंगणात बिबट्या आला का, एवढे कळले तरी जीव वाचतो. तेथे पहिली पायरी पुरते. फाटकातून शिरलेल्या परक्या माणसाची ओळख हवी असेल, तर चौथी लागते.

झूमचा खरा अर्थ

आता भिंगाकडे येऊ. भिंग आणि चित्र टिपणारी चकती (तिला सेन्सर म्हणतात) यांच्या नात्यातून एक सोपे त्रैराशिक निघते. घरगुती कॅमेऱ्यात १/२.८ इंच या नावाचा सेन्सर पुष्कळदा असतो; त्याची रुंदी सुमारे ५.६ मिलिमीटर असते. माणसापर्यंतच्या अंतराला ५.६ ने गुणावे आणि भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे, की त्या ठिकाणी किती रुंद दृश्य मावेल ते ढोबळमानाने कळते.

समजा, घराच्या भिंतीपासून फाटक १५ मीटर, म्हणजे सुमारे पन्नास फूट दूर आहे. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे त्याच्या चित्रात आडवे १,९२० ठिपके आहेत. २.८ मिलिमीटरचे भिंग लावले, तर फाटकापाशी ३० मीटर रुंदी दिसते आणि मीटरला ६४ ठिपके पडतात. अंगण, विहीर, बांध सारे दिसते. चेहरा मात्र दिसत नाही. तेच भिंग १२ मिलिमीटरपर्यंत लांबवले, की फक्त ७ मीटर रुंदी दिसते, पण मीटरला २७४ ठिपके पडतात. आता चेहरा ओळखता येईल. भिंग सरकवून असे जवळचे दृश्य आणणे हाच खरा झूम होय. २.८ ते १२ या फरकाला दुकानात ‘चार एक्स’ म्हणतात, म्हणजे चौपट. एक्सचा आकडा लांब आणि आखूड नाभीय अंतरांचे गुणोत्तर सांगतो. कॅमेरा किती दूरचे पाहतो हे तो सांगत नाही. त्यासाठी मिलिमीटरच विचारावेत.

दुसरा एक झूम असतो, तो अंकीय. त्यात भिंग हलत नाही. आलेल्या चित्राचा तुकडा नुसता मोठा करून दाखवला जातो. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरले तर ठिपके मोठे होतात, नवा तपशील येत नाही, तसेच हे. खोक्यावर दोन्ही झूमचे आकडे एकमेकांना गुणून छापलेले असतील तर सावध व्हावे.

खऱ्या झूमलाही किंमत आहेच. चेहरा जवळ आला, तसे अंगणाचे दोन्ही कोपरे चित्रातून निघून गेले. ज्यांची मान फिरते असे कॅमेरेही मिळतात. पण मान फिरवणारा एका वेळी एकीकडेच पाहतो. तो गोठ्याकडे पाहत असताना फाटकातून कोण आले हे त्याला ठाऊक नसते.

अंधाराचा हिशेब

झूमची सर्वांत मोठी किंमत रात्री मोजावी लागते. चोराच्या मनात चांदणे असते असे आपण म्हणतो. कॅमेऱ्याला मात्र प्रत्यक्षातले चांदणेही पुरत नाही. प्रकाश लक्स या मापात मोजतात. भर दुपारचे ऊन लाखभर लक्सचे असते, वाचनालयातले टेबल तीनशे ते पाचशे लक्सचे, दिवे असलेला रस्ता पाच ते वीस लक्सचा. पौर्णिमेचे चांदणे जेमतेम ०.१ ते ०.३ लक्स असते, आणि अमावास्येच्या स्वच्छ रात्री ताऱ्यांचा प्रकाश ०.००१ लक्सच्या आसपास. आपला डोळा सवयीने या साऱ्याशी जुळवून घेतो, म्हणून हा फरक केवढा प्रचंड आहे हे आपल्याला जाणवत नाही.

भिंगाचे तोंड किती उघडे आहे हे ‘एफ’ या आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. पुष्कळ झूम भिंगांत आखूड टोकाला एफ १.६ असतो, तो लांब टोकाला एफ ३.३ पर्यंत जातो. प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे झूम पूर्ण ताणला की आत येणारा प्रकाश सव्वाचार पटीने कमी होतो.

एवढ्यावर भागत नाही. अंधारात कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो, समजा सेकंदाचा पंचविसावा भाग. साध्या चालीने जाणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो. तेवढ्या वेळात तो साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो. चेहऱ्याची रुंदी सोळा सेंटिमीटर! म्हणजे चेहऱ्याचा एक तृतीयांश भाग फरकाटतो, आणि झूमने मिळवलेले ठिपके फुकट जातात. तो फरकाटा थांबवायचा तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणावे लागते, आणि मग प्रकाश आणखी चौपटीने घटतो. सव्वाचार गुणिले चार, म्हणजे सतरा. फाटकापाशी चालत्या माणसाचा स्वच्छ चेहरा हवा असेल, तर पूर्ण झूमवर कॅमेऱ्याला पूर्वीच्या सतराव्या हिश्श्याइतक्या प्रकाशात काम करावे लागते. ही तूट तो आपल्या अंगची संवेदनक्षमता वाढवून भरून काढतो. त्यामुळे चित्रात मुंग्या आल्यासारखे दाणे उठतात, आणि ते दाणे पुसण्याच्या खटपटीत चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत होतो.

मेगापिक्सेल वाढवणे हाही उपाय नव्हे. त्याच आकाराच्या सेन्सरवर दोनऐवजी आठ मेगापिक्सेल बसवले, की प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ चौथाईवर येते. पागोळीखाली मोठे घमेले ठेवण्याऐवजी चार वाट्या ठेवाव्यात, तसे हे आहे. म्हणून रात्रीसाठी घ्यायच्या कॅमेऱ्यात सेन्सर मोठा, एफचा आकडा लहान आणि मेगापिक्सेल बेताचे असावेत. खोक्यावर ‘०.००५ लक्स’ असे छापलेले असते, तेव्हा ते कोणत्या एफला, कोणत्या शटरला आणि झूमच्या कोणत्या टोकाला, हे विचारावे. शटर बराच वेळ उघडे ठेवले तर स्थिर भिंतीचे चित्र कोणत्याही कॅमेऱ्याने छान येईल. भिंत काही चोरी करून पळत नाही.

दिवा कोठे असावा?

या अडचणीवर कॅमेऱ्यांत अवरक्त किरणांचे दिवे बसवलेले असतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, सेन्सरला दिसतात. ८५० नॅनोमीटर लहरीचे दिवे अंधारात मंद लालसर दिसतात; ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण सेन्सरला तेही कमीच जाणवतात, त्यामुळे त्यांचा पल्ला तोकडा. या प्रकाशात चित्र काळे-पांढरे येते आणि कपड्यांचे रंग फसवे होतात. काळा सदरा पांढुरका दिसू शकतो. शिवाय प्रकाशाचा नियम असा, की अंतर तिप्पट झाले की तो नवव्या हिश्श्यावर येतो. पाच मीटरवरच्या माणसाचा चेहरा पांढराफटक दिसेल असा दिवा पंधरा मीटरवर क्षीण पडतो. काही भिंगांत दिवसा जुळवलेले चित्र अवरक्त प्रकाशात अस्पष्ट होते. म्हणून कॅमेरा बसवणाऱ्या माणसाला रात्री पुन्हा बोलवावे आणि फाटकापाशी कोणाला तरी चालायला लावून चित्र तपासावे.

माझ्या मते खरा उपाय अगदी घरगुती आहे. प्रकाश कॅमेऱ्यापाशी ठेवण्यापेक्षा माणूस जेथे येणार तेथे ठेवावा. ९०० ल्युमेनचा, म्हणजे साधारण नऊ वॅटचा, एलईडी दिवा फाटकाजवळ तीन मीटर उंचीवर उघडा लावला, तर त्याखाली सात-आठ लक्स प्रकाश पडतो. पौर्णिमेच्या चांदण्याच्या निदान वीस-पंचवीस पट! रंगही खरे दिसतात. हालचाल जाणवताच पेटणारा दिवा घेतला तर वीजही वाचते. दिव्याला वरून झाकण असावे, आणि तो कॅमेऱ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

हाच विचार पुढे नेला, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ४ मिलिमीटरचा साधा, झूम नसलेला कॅमेरा फाटकापासून चार मीटरवर बसवला, तर तेथे मीटरला ३४३ ठिपके पडतात. म्हणजे १५ मीटरवरून १२ मिलिमीटरपर्यंत ताणलेल्या झूमपेक्षाही अधिक. तेथपर्यंत तार नेता येत असेल, तर एक साधा कॅमेरा फाटकाजवळ व एक घराजवळ ही जोडी एकट्या झूम कॅमेऱ्यापेक्षा सरस ठरते. झूम घ्यावा तो जेथे कॅमेराही जवळ नेता येत नाही आणि दिवाही, अशा जागेसाठी : ओढ्यापलीकडची मोटारीची खोली, रस्त्यापलीकडचे खळे, किंवा जवळ बसवला तर कोणी फोडून टाकील असे ठिकाण. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण येथे उलट्या अर्थाने लागू पडते. जवळ जाण्याची सोय असताना दुरून पाहण्याचा हट्ट धरू नये.

पाऊस, कोळी आणि साठवण

बाहेरच्या कॅमेऱ्यावर ‘आयपी ६६’ किंवा ‘आयपी ६७’ असा शिक्का पाहावा. पहिला सहा धूळ आत जात नाही असे सांगतो. पुढचा सहा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून, आणि सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी, असे संरक्षण सांगतो. कोकणातल्या पावसात तारेचा जोडही तितकाच झाकलेला हवा. अवरक्त दिव्याकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि भिंगासमोरचे जाळे रात्री दोरखंडासारखे चमकते. म्हणून पंधरवड्यातून एकदा फडके फिरवणे हे कोणत्याही झूमपेक्षा मोलाचे. कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर असावा. फार वर नेला तर टोपीच तेवढी दिसते. वीज गेली तरी तो चालावा यासाठी त्याची तार इन्व्हर्टरला जोडावी.

साठवणीचा हिशेबही आधीच करावा. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा खातो. १२८ गिगाबाइटचे कार्ड तीन दिवसांत भरते आणि जुने चित्र पुसू लागते. घरचे लोक आठवडाभर लग्नाला गेले, पहिल्याच रात्री चोरी झाली, तर परत येईपर्यंत चोराचे चित्र गेलेले असेल. दर बांधून दिलेला नसेल, तर अंधारातले ते दाणे जागा आणखी खातात.

शेजाऱ्याची खिडकी आणि आपले दार

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो निर्णय शासनाच्या संदर्भात झाला असला, तरी त्यामागचे तत्त्व गल्लीलाही लागू आहे. झूम भिंग फाटकावर लावता येते, तसे ते समोरच्या न्हाणीच्या खिडकीवर आणि पाणवठ्यावरही लागते. चित्राचा काही भाग कायमचा काळा करून टाकण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती वापरावी, आणि शेजाऱ्यांना बोलावून आपल्या पडद्यावर काय दिसते ते दाखवावे. संशय वाढण्याआधीच मिटतो.

आपले दारही बंद हवे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व त्यांची मुद्रणयंत्रे ताब्यात घेतली, आणि त्यांच्याच बळावर त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. आपल्याकडे कॅमेऱ्यांच्या अशा सुरक्षिततेची तपासणी सक्तीची करणारी अधिसूचना एप्रिल २०२४ मध्ये निघाली व ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली. म्हणून भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण पाहून घ्यावे, आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा.

धूसर चित्राचा न्याय

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर अखेर एका प्रश्नात आहे : चोरी झालीच, तर त्या चित्राचे आपण काय करणार? न्यायालयात ते द्यायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असावे लागते. पण गावात चित्र न्यायालयात पोचण्याआधी मोबाइलवर पोचते. चार ठिपक्यांच्या चेहऱ्यात ज्याला जो हवा तो माणूस दिसतो. चालण्याची ढब, डोक्याचा रुमाल, सदऱ्याचा फसवा रंग यांवरून कोणाचे तरी नाव घेतले जाते, आणि ते नाव बहुधा पालावर राहणाऱ्या, परगावाहून मजुरीला आलेल्या किंवा आधीच बदनाम ठरवलेल्या एखाद्या गरिबाच्या पोराचे असते. चोराला न पकडणारा कॅमेरा निरुपयोगी म्हणावा. पण निरपराध्याकडे बोट दाखवणारा कॅमेरा घातक होय. मुळात नसलेला चेहरा चित्र मोठे करून त्यातून बाहेर येत नाही, एवढे शास्त्र आपण शिकलेल्यांनी तरी चावडीवर मोठ्याने सांगितले पाहिजे.

सारांश, दुकानात जाण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. चेहरा नेमका कोठे दिसायला हवा. ती जागा भिंतीपासून किती मीटर आहे, हे टेप धरून मोजलेले माप. तेथे मीटरला २५० ठिपके पडण्यासाठी किती मिलिमीटरचे भिंग लागते. त्या जागी दिवा लावता येतो का. आणि चित्र किती दिवस राहायला हवे. मग झूम लागतोच असे ठरले, तर लांब टोकाचा एफ विचारून घ्यावा. विकत घेण्याआधी कॅमेरा रात्री चालवून दाखवा असे म्हणायलाही संकोच करू नये. दिवसाउजेडी दुकानात सारेच कॅमेरे चांगले दिसतात.